पडद्याची सुलट बाजू

१

टाचणीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाहीये. काडीसारखी अंगकाठी, त्यात बोलताना ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, मग दुसरं काय नाव पडणार! ती पडदे शिवते. फक्त पडदे. बाल्कनीत मशीन, मशीनखाली कापडांचे गठ्ठे, आणि डोक्यात एकाच गोष्टीचा प्रचंड माज: आजवर तिचा एकही पडदा परत आलेला नाही. म्हणजे तक्रारी येतात हो, येत नाहीत असं नाही. पण ती वाद घालत नाही. उसवते, नीट करते, देऊन टाकते. "गिऱ्हाईक चुकलं तरी तक्रार खरी धरायची," असं तिचं म्हणणं. घरच्यांशी मात्र ती सगळ्या गोष्टींवर वाद घालते, ते वेगळं.

तर झालं असं, की तिच्या ताईनं एक ट्रेलर घेतला. जुना, दोन चाकांचा, जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आत एक पलंग, दोन माणसांपुरतं टेबल, एक शेगडी आणि उभं राहिलं की कोपर आपटतं असं न्हाणीघर. बस्स. ताई नर्स आहे. आईच्या आजारपणात सहा वर्षं ती घरातून हललीच नाही. आई गेली, वर्ष झालं, आणि ताईला फिरत्या दवाखान्यात नोकरी लागली. दर दोन महिन्यांनी नवीन गाव.

"प्रत्येक ठिकाणी खोली कुठे शोधत बसू?" ताई म्हणाली. "खोलीच बरोबर नेते."

बाबा त्या ट्रेलरला 'डबा' म्हणायचे. "डब्यात राहणार आमची मुलगी! लोणच्यासारखी!" आणि मग एक दिवस जेवताना त्यांनी जाहीरच केलं, "जा. पण रविवारपर्यंत त्या डब्यात एक जरी खोट निघाली ना, तर तो परत जाणार आणि तू इथेच राहणार. मान्य?"

ताई "मान्य" म्हणाली. तिचा आवाज असा होता की टाचणीनं ताटातून मान वर केली. ताईला असं काहीतरी हवंय, हे तिनं कितीतरी वर्षांत पाहिलंच नव्हतं.

मग काय, बुधवारी टाचणी टेप घेऊन डब्यात हजर.

२

खिडक्या चार. दाराजवळ एक, टेबलाशी एक, शेगडीवर एक पिटुकली, आणि पलंगाला लागून एक मोठी, आडवी. ट्रेलरच्या भिंती वर आत कलतात, म्हणजे पडदा नुसता वरून सोडला तर तो काचेपासून सुटून झोपणाऱ्याच्या नाकावर येतो. म्हणून वर एक नेफा, खाली एक नेफा, दोन्हींतून स्प्रिंगची तार, आणि चार कोपऱ्यांना चार हूक. पडदा भिंतीला चिकटून, ताठ. गाडी कितीही हादरली तरी हूं का चूं नाही.

पलंगाची खिडकी उघडत नव्हती. काच पक्की बसवलेली. शिवाय ट्रेलर इमारतीच्या मागच्या बोळात लावलेला, त्या अंगाला कुंपणाची भिंत, आणि ट्रेलर न् भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा. मांजरसुद्धा तिथून तिरकंच जाईल. खिडकीतून काय दिसायचं, तर सिमेंट. ऊनसुद्धा नाही.

"इथे पडदा हवाच कशाला?" टाचणी म्हणाली. "भिंत तुला बघणार आहे का?"

"अगं भिंत इथे आहे. मी इथे राहणारे का? उद्या तिथे कुणाचं अंगण असेल, परवा रस्ता."

कापड ताईनंच निवडलं. हिरवी पानं, मध्ये बारीक पिवळी फुलं. मागे पांढुरकं अस्तर. सुलट बाजू खोलीकडे, अस्तर काचेकडे. हे काही सांगायची गोष्ट नाही, पडद्याचं हे असंच असतं. फुलं ज्याची खोली त्यानं बघायची. बाहेरच्यांना अस्तर.

गुरुवारी संध्याकाळच्या आत चारही पडदे लागले. ताई पलंगावर आडवी पडली, हात डोक्याखाली, आणि नुसती बघत राहिली. "घर वाटतंय गं," ती म्हणाली. टाचणीनं पटकन पक्कड आवरायला घेतली, कारण तिला रडू आलं की नाक आधी लाल होतं.

३

शुक्रवारी सकाळी टाचणी दोऱ्याचं रीळ विसरली म्हणून गेली, तर पलंगाच्या खिडकीवर अस्तर.

म्हणजे पडदा होता. जागच्या जागी, ताठ, चारही हूक अडकवलेले. पण उलटा. शिवणीची दुमड, नेफ्याची टीप, सगळं उघडं तिच्याकडे, आणि फुलं काचेकडे.

पहिला विचार काय आला असेल? हाच, की आपणच माती खाल्ली. शेवटचा पडदा होता, हात दुखत होते, लावला असेल उलटा. पण मग ताई तासभर कुठली फुलं बघत पडली होती?

दुसरा विचार, ताई. पण ताईच्या बोटांत तेवढी ताकदच नाही. ती स्प्रिंग ओढायला पक्कड लागते, आणि पक्कड टाचणीच्या पिशवीत, पिशवी बाल्कनीत.

"काहीतरी झालं असेल," असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. हे वाक्य फार उपयोगाचं असतं. वरून पक्कड आणली, चारही हूक काढले, पडदा सुलटा केला, परत लावला. लावताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. चुण्या. तिनं काल घाईत चुण्या थोड्या एका बाजूला ढकलल्या होत्या, तिचं तिला माहीत होतं. आता त्या सारख्या अंतरावर होत्या. एकेक मोजून बसवल्यासारख्या. कुणीतरी नुसता उलटवला नव्हता. नीट लावला होता. तिच्यापेक्षा नीट.

दाराला कुलूप घातलं. किल्ल्या दोनच, एक ताईकडे आणि ताई दवाखान्यात कागदपत्रांना गेलेली. टाचणी वर गेली, चहा केला, चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, ते चमच्यानं काढून खाल्लं. वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

परत खाली गेली तर अस्तर.

४

"बाबा, तुम्ही डब्यात गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? माझा पाय तरी वळतो का त्या दारातून?"

"खरं सांगा. ताई जाऊ नये म्हणून तुम्ही पलंगाचा पडदा उलटा लावताय."

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "अगं, मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही. तुझा पडदा मी काय उलटवणार? मला तर आपल्या घरातले पडदे उलटे लागले तरी कळणार नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. मग बाबांचे डोळे बारीक झाले. "का? काय झालं? काही खोट निघाली का?"

आणि तेवढ्यात दारातून ताई आली. हातात कागद, घामेघूम, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की कुणीतरी आत दिवा लावलाय. "सही झाली! सोमवारी हजर व्हायचं!" तिनं टाचणीला कमरेला धरून गरगर फिरवलं. "ए टाचणे, टोचतेस!"

बाबा टाचणीकडेच बघत होते. "काही विचारतोय मी."

टाचणीनं ताईकडे बघितलं. एक वाक्य. एकच वाक्य बोललं की डबा परत. मग ताई पुन्हा त्या आतल्या खोलीत, आईच्या रिकाम्या पलंगाशेजारी, अजून किती वर्षं, देव जाणे. आणि सांगायचं तरी काय? पडदा उलटा होतोय? माणसं पडद्यासाठी नोकऱ्या सोडतात?

"काही नाही. माझंच चुकलं होतं, सुलट-उलट," ती म्हणाली.

बाबा हसले. "झालं! पडदेवालीलाच बाजू कळेना!" ताईपण हसली. टाचणीही हसली, पण तिला वाटलं की आपलं हसू तोंडातल्या टाचण्यांसारखं झालंय, धरून ठेवलेलं.

५

शनिवारी दुपारी ती एकटीच डब्यात गेली. पडदा सुलटा केला आणि समोर टेबलाच्या बाकावर मांडी घालून बसली. आता हलायचंच नाही. बघूयाच.

तासभर काही नाही. दूर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू झाला, बंद झाला. इमारतीच्या पाइपातून पाणी गेलं. टाचणीला जांभई आली आणि आपण किती बावळट आहोत असं वाटून बरंही वाटलं. अस्तराचं कापड नवीन आहे, स्प्रिंगला पीळ बसला असेल, पिळानं पडदा फिरत असेल. असं होतं का? होत असेल! झालंच पाहिजे!

मग तिच्या लक्षात आलं की फुलं जास्त पिवळी दिसतायत.

पडद्यामागून उजेड येत होता. आता हे तिला कुणी शिकवायची गरज नाही. मागून उजेड आला की पडदा कसा दिसतो ते तिला झोपेतही कळतं. नेफ्याच्या जागी कापड दुहेरी, म्हणून तिथे गडद पट्टा, टिपेची रेघ, अस्तराच्या जोडाची सावली. सगळं दिसत होतं. उजेड मऊ होता, स्थिर. घरात संध्याकाळी दिवा लावल्यावर असतो तसा. आणि त्या काचेबाहेर वीतभरावर सिमेंटची भिंत होती. बाहेर दुपारचे चार वाजले होते.

ती हलली नाही. हलायचं कसं तेच आठवेना.

खालच्या डाव्या कोपऱ्याशी कापड चिमटलं गेलं. अलगद. अंगठा आणि दोन बोटं, मागच्या बाजूनं. आणि मग त्या चिमटीनं कापड दोनदा चोळलं.

हे तिनं शेकड्यांनी पाहिलंय. पडदे दाखवले की बायका काय, पुरुष काय, सगळे हेच करतात. पोत बघतात. अंगठ्यानं चोळून बघतात, रंग जाईल का, कापड आटेल का. अगदी तसंच. घाई नाही, जोर नाही.

मग त्या कोपऱ्याचा हूक सुटला. टिक् असा आवाज झाला, आणि कोपरा काचेच्या बाजूला दुमडला गेला. हळूच, मागच्यानं पुढची बाजू बघावी तसा. फुलं बघायला. दुमडलेल्या जागेतून त्रिकोणी तुकडाभर पलीकडचं दिसलं.

सिमेंट नव्हतं. जमीन होती. झाडलेली, पुसलेली, कुणाच्या तरी खोलीतली. खुर्चीचा एक पाय. त्याच्याजवळ काढून ठेवलेली चपलांची जोडी, टाचा तिकडे, तोंडं इकडे.

कोपरा सोडला गेला. मग मागून तळहात फिरावा तशी कापडावरून एक लाट गेली, सुरकुती सारखी करणारी. आणि उजेड मालवला.

६

पळाली का ती? नाही. तेच तर. तुम्हाला-मला वाटतं आपण किंचाळलो असतो. टाचणी तिथेच बसून राहिली, आणि तिचं डोकं, सवयीनं, कामाला लागलं.

धमकी नाही. नासधूस नाही. कापड फाडलं नाही, डाग पाडला नाही. उलट चुण्या नीट केल्या. म्हणणं एवढंच, की आमच्या बाजूला अस्तर का? आमचीही खोली आहे. आम्ही रोज ही दुमड आणि टिपाच बघायच्या का?

म्हणजे, ही तक्रार होती.

आणि तक्रार म्हटल्याबरोबर, खोटं नाही, तिच्या खांद्यांवरचा ताण सुटला. भुताखेताचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तक्रारीचं काय करायचं ते पक्कं माहीत होतं.

घरी येऊन तिनं पडदा उसवला. अस्तर काढून टाकलं. उरलेल्या कापडातून दुसरा तेवढाच तुकडा कापला, पानं-फुलं जुळवून, आणि दोन्हींच्या उलट बाजू एकमेकींना लावून, कडा आत दुमडून शिवून टाकला. आता शिवणी सगळ्या आत, बाहेरून दिसतील कशा? इकडून फुलं, तिकडूनही फुलं. पडद्याला उलट बाजूच उरली नाही.

"हे काय गं?" ताई बाल्कनीच्या दारात उभी. "एकाच पडद्याचं एवढं कौतुक?"

"पलंगाचा आहे. बाहेरून पण छान दिसायला हवा ना."

"बाहेरून कोण बघतंय!"

टाचणीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. आता सांगावं. आत्ता. ताईच्या खांद्यावर प्रवासाची बॅग होती, तिचा पट्टा ती उगाचच घट्ट करत होती, सैल करत होती, घट्ट करत होती.

"ताई, पलंगावर डोकं शेगडीच्या बाजूला करून झोपत जा."

"का?"

"वारा चांगला येतो." तो हूक सुटलेला कोपरा पायांकडे राहील, एवढंच तिला हवं होतं.

"बरं बाई, पडदेवालीचा हुकूम," म्हणून ताईनं तिच्या डोक्यावर टपली मारली.

दिवेलागणीच्या आत टाचणीनं पडदा लावला. रविवारी सकाळी बघितलं. जसाच्या तसा. हूक जागेवर, चुण्या जागेवर. तिच्या जिवाला असं बरं वाटलं, असं बरं वाटलं! आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. पसंत पडलं म्हणजे.

बाबांनी डब्याला बाहेरून फेरी मारली, चाकांना लाथा घालून बघितल्या, दार तीनदा उघडून लावलं. खोट काही निघेना. शेवटी ताईचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि... पडदे लावून झोप." मग जीप निघाली, डबा मागोमाग डुलत निघाला, आणि बाबा कोपऱ्यापर्यंत चालत गेले, वळणावर डबा दिसेनासा झाला तरी हात हलवत राहिले.

७

सोमवारी ताईचा फोन आला, मंगळवारीही आला. गाव बरं आहे, पाणी गोड आहे, डॉक्टरीणबाई खडूस आहेत पण मनाच्या चांगल्या. डबा दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात लावलाय. पलंगाच्या खिडकीबाहेर नुसतं गवत. झोप कशी लागते विचारलं तर म्हणाली, दगडासारखी. टाचणीचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा टाचणी मशीनवर होती. ओठांत टाचण्या.

"कामात आहेस का?" ताईच्या आवाजात चहाची वाफ होती. पलंगावर बसून बोलत असणार. "अगं, एक सांगायचं राहिलं. तो दुसरा पडदा फार छान झालाय हं."

"कुठला दुसरा?"

"पलंगाच्या खिडकीचा. आपल्या फुलांवाल्याच्या मागे लावलायस तो. काचेकडे. मला आज दिसला, सकाळी आपला पडदा सारला तेव्हा. थंडीसाठी केलास ना? जाड आहे चांगला. आणि हातानं तुरपाई! काय बारीक टाके गं, तू हातानं एवढं बारीक कधीपासून घालायला लागलीस?"

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनवर ठेवल्या.

"ताई, तुला त्याची कुठली बाजू दिसतेय?"

"म्हणजे?"

"सुलट का उलट?"

"अं... दुमड दिसतेय. टाके दिसतायत. म्हणजे उलट. अस्तरच आहे इकडे." ताई हसली. "पडदेवालीला बाजू कळेना!"

म्हणजे सुलट बाजू तिकडे. ज्याची खोली, त्याच्याकडे.

टाचणीला सगळं एकदम समजलं, आणि समजलं ते शिवणकामातलंच होतं. दोन्हीकडून सुलट पडदा कधी लावतात? दोन खोल्यांच्या मध्ये. तिनं स्वतःच्या हातानं शिवून कबूल करून टाकलं होतं, की पलीकडे खोली आहे. मैदान असो, भिंत असो, गाव कुठलंही असो. आणि ज्याचं एक काम आपण न भांडता करून दिलं, तो माणूस मग आपला होतो. हक्कानं वागतो. स्वतःच्या बाजूला स्वतःचा पडदा लावतो.

"ताई, ऐक. कप ठेव. दार उघडून बाहेर जा."

"का गं?"

"सांगते. आधी बाहेर जा. त्याला हात लावू नकोस, सारू नकोस."

"सारता येतच नाहीये तो!" ताई म्हणाली. "मगाशी बघितलं मी ओढून. इकडून सरकत नाही. तुझं काहीतरी चुकलंय, दोरी तिकडे राहिलीये."

"ताई, माझे आई, ऊठ. बाबांना सांगते मी, सगळं सांगते, परत ये, फक्त आत्ता ऊठ तिथून..."

आणि मग फोनमधून कड्या सरकल्याचा आवाज आला. लाकडी दांडीवरून लाकडी कड्या, एकामागून एक, सावकाश. टाचणी कड्यांचे पडदेही शिवते, तो आवाज तिला चुकणं शक्य नव्हतं. डब्यात दांडी नव्हती. कड्याही नव्हत्या.

टाचणी "ताई, ताई" करत उभी राहिली, मशीनवरचं कापड पायाखाली आलं.

कितीतरी वेळानं ताईचा आवाज आला. पण फोनवर बोलल्यासारखा नाही, फोनपासून लांब, तोंड दुसरीकडे वळवल्यासारखा. मऊ, जपून. वॉर्डातल्या नवख्या पेशंटशी बोलतात तसा.

"हो... माझ्या बहिणीनंच शिवलाय."

मग थोडा वेळ ऐकत असल्यासारखी शांतता.

"बोलावते ना," ताई म्हणाली. "मापं घ्यायला तीच येते."